काचेवरची मिरियम

पोर्ट लॅनियन
१२ मार्च

प्रिय डेन्झिल,

फोन तू उचलत नाहीस आणि ईमेल तुझ्या ऑफिसातली ती गोड आवाजाची मुलगी वाचते, म्हणून कागद काढला. घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाही. भांडण त्या दिवशी हॉलमध्ये झालंच, आणि तेही एकतर्फी. सगळ्या गावादेखत मी उठून विचारलं, आमच्या दुकानांचं काय? आणि तू, माझ्या हातचं खाऊन वाढलेला माझा धाकटा भाऊ, माइकमध्ये म्हणालास, "मॅडम, तुमचा प्रश्न नोंदवून घेतला आहे."

मॅडम! मागच्या रांगेत रॉस न्हावी इतका हसला की त्याची कवळी वाजली.

तू बोललास त्यातलं निम्मं मला पटलं, हे आधी कबूल करते. इतकी वर्षं सरकार आमच्या दुकानांना टेकू देत आलं आणि तरी दरसाल कुठलं ना कुठलं दार बंद होतंच. तुमच्या खात्याचे ऑर्चर्ड साहेब दर पंधरवड्याला गाडी घेऊन यायचे. एकाचा टॅक्सचा कागद भरून दे, दुसऱ्याच्या शीतपेटीसाठी अर्ज लिहून दे. बेकरीवाल्या बेरिलच्या भट्टीचा दरवाजा तर त्यांनी गुडघे टेकून स्वतः बसवला होता. त्यानं गाव वाढलं नाही, मान्य. पण गेलंही नाही रे. आता त्यांना घरी बसवलंत आणि जुन्या खाणशाळेला रंग देऊन तिथे उद्योजक घडवायचा वर्ग काढलात. "आता दुकानं वाचवायची नाहीत, माणसं घडवायची," असं तू म्हणालास तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने. शाळेच्या स्टेजवर तू कविता म्हणायचास तेव्हाही पहिली टाळी माझीच असायची.

बेरिलच्या भट्टीचा तो दरवाजा पुन्हा निखळला. तिने नव्या ऑफिसात विचारलं. ते म्हणाले, चालू धंद्याला मदत आता या योजनेत बसत नाही, पण काही नवी कल्पना असेल तर जरूर या. ती मला म्हणाली, "ग्लेनिस, आजीच्या केशरी बनात मी नवी कल्पना कुठली घालू? केशराऐवजी हळद?" शनिवारी तिने शेवटचा घाणा काढला, उरलेले बन रस्त्यात उभं राहून वाटले आणि लेकीकडे, व्हायला शहरात, निघून गेली. बेरिलच्या घराण्याची, ट्रेंबाथांची बेकरी बंद, हे अजून तोंडाला वळत नाही.

माझं बरं चाललंय. माणसांच्या कपड्यांच्या चेना बिघडतात आणि बटणं तुटतात तोवर बाबांचं दुकान चालणार.

ग्लेनिस

पोर्ट लॅनियन
३० मे

डेन्झिल,

तुझी माणसं येऊन गेली. शिडी, बादल्या आणि सतरंजीएवढे गुंडाळे घेऊन. रस्त्यावरच्या प्रत्येक बंद दुकानाच्या काचेवर त्यांनी चित्र चिकटवलं. 'उद्याचा रस्ता' म्हणे. जिथे कॉर्नीशांचं मटणाचं दुकान होतं तिथे आता दाढीवाला तरुण चीजची भलीमोठी चकती हातात घेऊन हसतोय. चपलांच्या दुकानात सायकली लटकल्यात. चित्रं इतकी झकास छापलीत की पहिल्या दिवशी रॉस सायकलवाल्याच्या दाराची मूठ धरून ओढत होता. मूठही छापील.

माझ्या समोर, बेरिलच्या काचेत, एक बाई आहे. तांबूस केसांची जाड वेणी, पिठाने माखलेला एप्रन, हातात बनांचा ट्रे. वर लिहिलंय 'मिरियमची बेकरी', खाली 'लवकरच'. मी टेबलाशी बसून चेन उसवत असते आणि मान वर केली की तीच. मी त्या चिकटवणाऱ्याला विचारलं, "कोण रे ही बाई?"

"कोणी नाही. कंप्युटरने बनवलीय. पाचपन्नास चेहरे घोटून एक काढतात."

"मग मिरियम हे नाव कुणाचं?"

"तेही त्यानेच काढलं असेल," तो म्हणाला आणि ओल्या फडक्याने तिच्या तोंडावरचे बुडबुडे पुसू लागला.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी थट्टा केली. पण आता एक गंमत सांगते. पोस्टातली कॉरल रोज सकाळी त्या काचेपुढून जाताना मान डोलावते. परवा मी तिला टोकलं, तर म्हणाली, "अगं, रोजची दिसते, तोंड फिरवून कसं जायचं?" आणि काल रॉसच्या खुर्चीत दोघं जण वाद घालत होते, मिरियम सप्टेंबरात उघडणार की ख्रिसमसला. त्यांचा वाद तारखेवर होता.

वाऱ्याचे दिवस आहेत. उत्तरेकडून धूळ येते, सगळ्या काचा लाल होतात. आपली काच मी पुसते. समोरची कोण पुसतं कळत नाही, पण ती स्वच्छ असते.

ग्लेनिस

पोर्ट लॅनियन
१८ नोव्हेंबर

प्रिय डेन्झिल,

बार्लीची कापणी सुरू आहे. कोठारांवर धान्याचे नमुने तपासायला दरवर्षीसारखी बाहेरची माणसं आलीत. त्यातली एक मुलगी मागच्या महिन्यात जॅकिटाची चेन बदलायला माझ्याकडे आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. आखूड काळे केस, भुवया दाट, बोलणं थोडं. मी नाव विचारलं.

"डेस्पिना कारेलास. डेस म्हटलं तरी चालेल."

"कुठली गं तू?"

"रेनमार्कच्या पलीकडची. आईची संत्र्यांची बाग आहे." मग जरा थांबून, "भावांची म्हणा आता."

तेवढ्यात कॉरल दारात आली, बघून जागीच थबकली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "अगं बाई, आलीस एकदाची! कधी उघडतेयस?"

डेस्पिनाने मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीशी कोण उभं आहे म्हणून. कोणी नव्हतं.

कॉरल गेल्यावर मी तिला समोरची काच दाखवली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती रस्ता ओलांडून त्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली. डेन्झिल, मी जन्मभर माणसांची मापं घेतली, माझी नजर सहसा चुकत नाही. मला त्या दोघींत काही म्हणजे काही सारखं दिसलं नाही. नाक म्हणशील तर, तेही ओढूनताणून.

पण कॉरलपासून सुरू झालं ते थांबेना. दुकानात, धक्क्यावर, खेकडे पकडायला गेलं तर तिथेही. "मिरियम, भट्टी कुठली घेतलीस?" "मिरियम, बसायला बाकं ठेव हो, माझे गुडघे दुखतात." रॉसकडे ती केस कापायला गेली तर तो तिच्यावरच चिडला. "एवढी वेणी कुठे कापून आलीस? आपल्या गावात न्हावी नव्हता का?" आणि मग म्हाताऱ्यांना आठवायला लागलं. तिचा आजोबा खाणीच्या पंपावर होता. तिची आजी चर्चमध्ये पेटी वाजवायची. मी म्हटलं, अरे, ती ग्रीकांची पोर आहे! तर रॉस म्हणतो, "आईकडून असेल."

ती माझ्याकडे येऊन हे सगळं सांगायची आणि हसायची. मग सांगायची पण हसायची नाही. परवा विचारत होती, "पेटी वाजवायची ती आजी, तिचं नाव काय होतं हो?"

मी म्हटलं, "कुणाची आजी?"

ती जॅकिटाची चेन वरखाली करत बसली.

आज ती माझ्या दुकानात लोकरीचे गुंडे बघत होती. मी टेबलावरून हाक मारली, "डेस्पिना, चहा टाकू का?" ऐकू गेलं नाही. पुन्हा हाक मारली. नाही. बाहेरून कुणीतरी रस्त्यावरून ओरडलं, "मिरियम!" आणि ती चटकन वळली.

तुला लिहिण्याचं कारण एवढंच, की तुझ्या ऑफिसातून कुणीतरी गावाला सांगा की ते चित्र नुसतं चित्र आहे. माझं कोण ऐकतंय?

ग्लेनिस

पोर्ट लॅनियन
९ फेब्रुवारी

डेन्झिल,

तू सांगितलं नाहीस. उलट तिला निवडलंस.

कापणी संपली, बाकीची माणसं गेली, ती राहिली. खाणशाळेतल्या तुझ्या वर्गाला जाऊ लागली. ॲडलेडहून तुझे शिकवणारे आले, त्यांनी तिला उभं राहून बोलायला शिकवलं, तुम्ही कोण आणि तुमचं स्वप्न काय ते. आधी म्हणे तिला बोलता येईना. मग एका शिकवणाऱ्याने खिडकीतून मिरियमच्या काचेकडे बोट केलं आणि म्हणाला, "ती काय म्हणेल ते म्हण." त्यानंतर ती अशी बोलली की कॉरलच्या डोळ्यांना धार लागली. बेरिलला भट्टीचा दरवाजा मिळाला नव्हता, हिला अख्खी नवी भट्टी आली, ट्रकवरून, फुगे लावून.

खोटं कशाला बोलू, दुकान छान चाललंय. सकाळी रांग लागते. रॉसची पुतणी ॲडलेडला निघाली होती ती तिथे कामाला लागली, तिची आई मला येऊन मिठी मारून गेली, जसं काही मीच केलं. रांगेतली माणसं वेळ घालवायला माझ्याकडे येतात आणि बटणं घेऊन जातात. तुझं म्हणणं खरं ठरतंय आणि मला तोंडावर पडल्याचा आनंद व्हायला हवा. होत नाही.

तिच्या केशरी बनाचा पहिला घास घेतला आणि माझा हात तसाच राहिला. तो बेरिलचा बन होता. बेरिलसारखा नाही, बेरिलचा. दूध कोमट असताना केशर टाकल्यावर जी किंचित कडसर चव मागे राहते, ती सुद्धा. मी बेरिललाच फोन लावला.

"बेरिल, तू कृती कुणाला दिलीस का?"

"लेकीला देत नाही, ती मैद्यात मार्गारिन घालते. का गं?"

"सहज."

मग मी डेस्पिनाला एकटीला गाठून विचारलं, हे कुठे शिकलीस. ती म्हणाली, "असंच करतात ना?" वेणी आता खांद्याखाली आलीय. रंग लावते की काय विचारायचं धाडस झालं नाही. केस इतक्या वेगाने वाढतात का रे कुणाचे?

आता मला हसशील. बेकरी उघडल्यावर काचेवरचं चित्र काढून बाजूच्या भिंतीवर डकवलंय. गेल्या आठवड्यात नव्या भट्टीचा चटका बसून हिच्या मनगटावर चंद्रकोरीसारखा डाग पडला, मीच लोणी लावलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपुढून जाताना माझी नजर गेली. चित्रातल्या बाईच्या मनगटावर डाग आहे. आधीपासून असेल. मी इतके महिने तिच्यापुढे बसले, पण मनगटाकडे बघितलं होतं का, ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुमच्याकडे मूळ चित्र असेलच. एक प्रत पाठव. बस, एवढंच काम आहे तुझ्याकडे.

ग्लेनिस

पोर्ट लॅनियन
२४ एप्रिल

डेन्झिल,

मार्चमध्ये तू गावात येऊन गेलास. मी समोरूनच बघत होते. बेकरीच्या बाकावर बसून तू कॉफी प्यायलास, दोन बन खाल्लेस, तिच्याशी अर्धा तास बोललास. माझं दार उघडं होतं.

वर्षभराने तुझं पत्र आलं, तेही पोस्टकार्डाएवढं. म्हणून पुन्हा पुन्हा वाचायला सोपं गेलं. "ग्लेन, मिरियम हे आपल्या योजनेचं पहिलं मोठं यश आहे. जूनमध्ये मंत्रिमहोदय स्वतः रीतसर उद्घाटनाला येतायत. तिच्याबद्दल गावात भलतंसलतं बोलू नकोस. ती तुझ्याबद्दल किती प्रेमाने बोलली. म्हणाली, लहानपणी बाबा तिला दुकानात बोलावून रिबिनीचे तुकडे द्यायचे. मलाही अंधूक आठवतंय."

तुला आठवतंय? डेन्झिल, बाबा गेले तेव्हा ही मुलगी रेनमार्कला संत्र्याच्या झाडाखाली रांगत असेल. तुला काय आठवतंय ते नीट डोळे मिटून बघ. तिथे खरंच कोणी मुलगी उभी आहे का?

आता दुसरं सांगते, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस.

परवा बसमधून एक म्हातारी उतरली. काळा झगा, काळा रुमाल, पायांत पुरुषी बूट, हातात संत्र्यांची जाळी. पोस्टात, रॉसकडे, खानावळीत, सगळीकडे फोनवरचा फोटो दाखवत हिंडत होती. माझी मुलगी, कापणीला आली होती, ख्रिसमसपासून फोन नाही. सगळ्यांनी फोटो नीट बघितला आणि सगळ्यांनी मनापासून सांगितलं, नाही हो, ही आमच्याकडे आलीच नाही. कॉरल मला म्हणाली, "बिचारी. आपल्या मिरियमसारखी दिसते जराशी फोटोतली, नाही?"

म्हातारी माझ्याकडे टेकायला आली. कारेलास बाई. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "तुमची मुलगी समोर आहे. चला."

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. डेस्पिना काउंटरमागे उभी होती. आईकडे बघून ती तोंडभर हसली, सगळ्यांकडे बघून हसते तसंच.

"या. काय देऊ तुम्हाला?"

म्हातारी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. लांबलचक, अगदी हळू आवाजात. मला शब्द कळला नाही, पण आई लेकीला काय म्हणतेय ते कळायला शब्द कशाला हवेत? डेस्पिनाने मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माफ करा हं, मला ती भाषा येत नाही. बन घेता का? आत्ताच काढलेत."

मी ओरडले. "डेस्पिना! तुझी आई आहे!" तिने माझ्याकडे बघितलं, कीव केल्यासारखं, आणि बशी पुढे सरकवली.

म्हातारी बाकावर बसली. तिने तो बन अख्खा खाल्ला, सावकाश, कण न् कण बोटाने टिपून. मी तिच्या शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "हात माझ्या आईचे आहेत. मान वळवते ती माझ्या आईसारखी. पण बाई, माझ्या डेस्पोला अंडं उकडता यायचं नाही."

"मग काय समजायचं?" मी विचारलं.

"ती असेल तर सुखात आहे. नसेल तर परक्याच्या पोरीला मी का छळू?"

संत्री तिने माझ्याकडे ठेवली. शेजारणीचा फोन नंबर कागदावर लिहून दिला आणि माझाही घेतला, काही लागलं तर म्हणून. बसच्या खिडकीतून ती बेकरीकडे बघत राहिली आणि डेस्पिना दारात येऊन हात हलवत राहिली. ती सगळ्याच बसना हात हलवते. पर्यटकांना आवडतं.

तू म्हणाला होतास, माणसं घडवायची. घडवताना आधीचं माणूस कुठे ठेवता रे तुम्ही?

ग्लेनिस

रेनमार्क
१७ जून

डेन्झिल,

हे पत्र हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आहे. कालच्या तुझ्या समारंभाला मी नव्हते. का नव्हते ते ऐक.

काल सकाळी दुकान उघडते तोच त्या शेजारणीचा फोन आला. कारेलास बाई बागेत पडल्या, एक अंग गेलं, बोलता येत नाही, डॉक्टर म्हणतात जवळच्या माणसांना बोलवा. मी तशीच रस्ता ओलांडून गेले. बेकरीत ही झुंबड. रॉस शिडीवर चढून फीत बांधत होता, कॉरल फुलं लावत होती, तुमच्या ऑफिसची मुलगी कोण कुठे उभं राहील ते सांगत होती. डेस्पिना काउंटर पुसत होती, माझ्याकडे पाठ करून.

मला काय बोलावं सुचेना. नावाने हाक मारून काय उपयोग होता ते मी पाहिलं होतं. मी नुसतं म्हटलं, "तुझी आई हॉस्पिटलात आहे. वाचते का नाही माहीत नाही."

कोणी लक्षच दिलं नाही. मी मिरियमशी बोलतेय असं त्यांना वाटलंच नसावं, कारण मिरियमची आई तर गावाने कधीच मारून टाकलीय. खाणीवरच्या दफनभूमीत तिची जागासुद्धा दाखवतात. ती पुसत राहिली. फडकं गोल फिरत राहिलं, एकाच जागी. मग ते थांबलं आणि ती मागे न वळता, अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"कुठल्या हॉस्पिटलात?"

एप्रन काढून तिने घडी करून काउंटरवर ठेवला. आम्ही दोघी मागच्या दाराने निघालो आणि माझ्या गाडीत बसलो. कोणी अडवलं नाही, कोणी विचारलं नाही. तेव्हा मला ते सोपं वाटलं.

बर्रा गावाच्या अलीकडे थांबून चहा घेतला. ती गाडीला टेकून उभी राहिली. तिथे कप हातात धरून म्हणाली, "घरात मी असले काय, नसले काय. दोन भावांच्या मागची तिसरी. कुठलीच गोष्ट धड न करणारी. आणि तुमच्या गावात मी नव्हतेच, तरी त्यांना मी हवी होते. तुम्हाला कळतंय का, ग्लेनिस? मी यायच्या आधीपासून."

"त्या दिवशी आईला ओळखलंस?"

"शब्द न् शब्द कळत होता. तोंडातून मात्र दुसरंच निघत होतं."

मग मी ते विचारलं जे कधीचं मनात होतं. "आणि बन? ते कुणी शिकवलं?"

तिने आपल्या हातांकडे बघितलं. "ते जातात आपोआप. मी तिकडे बघत नाही. भीती वाटते."

कारेलास बाई जिवंत आहेत. आम्ही पोचलो तेव्हा डोळे उघडे होते. डेस्पिना त्यांच्या उशाशी बसली आणि ग्रीकमध्ये बोलायला लागली. आधी अडखळत, जीभ जड झाल्यासारखी, मग धबाधबा. म्हातारीचा चांगला हात वर आला, त्याने तिची वेणी पकडली आणि ओढली. चांगली जोरात ओढली, डेन्झिल, पोर कळवळली, आणि मग दोघी रडल्या. भाऊ बाहेर उभे होते. त्यांनी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, आणि तिने ओ दिली.

मला वाटलं संपलं. तुझा समारंभ बुडवला म्हणून तू माझं तोंड जन्मात बघणार नाहीस, हे मी मान्य करून टाकलं होतं. दुकान बंद, फीत तशीच, मंत्री ताटकळत, आणि हे सगळं माझ्यामुळे. तुला काय लिहायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात कॉरलचा फोन आला.

"अगं, होतीस कुठे? काय सुंदर झालं! मंत्र्यांनी दोनदा बन मागून घेतला. आणि मिरियम काय बोलली गं! तुझा डेन्झिल तिच्या शेजारीच उभा होता, त्याचेसुद्धा डोळे भरून आले."

मी म्हटलं, "कॉरल, कोण बोललं?"

"मिरियम. अजून कोण?"

"मिरियम माझ्याबरोबर रेनमार्कला आहे. सकाळपासून. माझ्या डोळ्यांसमोर बसलीय."

कॉरल हसली. तिला वाटलं, मी तुझ्यावरच्या रागाने काहीतरी बरळतेय. "दिवसभर गाडी चालवून दमलीस तू," ती म्हणाली, "थांब, फोटो पाठवते."

फोटो आला. फीत आहे, मंत्री आहेत, निळ्या कोटात तू आहेस. तुमच्या दोघांच्या मधे ती आहे, हातात कात्री घेऊन. एप्रन, वेणी, चेहरा अगदी स्पष्ट.

मी फोन डेस्पिनाकडे दिला. तिने खूप वेळ बघितलं. मला वाटलं घाबरेल. पण तिचा चेहरा सैल पडला, ओझं उतरल्यासारखा, आणि ती म्हणाली, "चला, म्हणजे त्यांना माझी वाट बघावी लागली नाही." मग फोन परत देऊन ती आईचे पाय चेपायला गेली.

मी मात्र अजून तो फोटो बघतेय. त्या बेकरीसमोरच, रस्त्यापलीकडे माझं दुकान आहे. दोन दिवसांत परत जाऊन मला ते उघडायचंय आणि मान वर केली की समोर जे असेल त्याच्याकडे बघत बसायचंय. रॉसला विचारून उपयोग नाही, कॉरलला तर नाहीच. तू बाहेरचा आहेस आता. आणि फोटोत, डेन्झिल, तू तिचा हात हातात घेतलेला दिसतोय.

माझ्यावर चिडलास तरी चालेल, मॅडम म्हटलंस तरी चालेल. पण या पत्राला उत्तर दे. तो हात ऊबदार होता का, एवढंच मला कळव.

ग्लेन